गाव हेच पाठ्यपुस्तक

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, ही आपणा सर्वांना अभिमान वाटावी अशी घटना आहे. संस्थेच्या कार्याचा आढावा माझ्याआधीच्या वक्त्यांनी विस्ताराने घेतलेला आहे. त्याची पुनरुक्ती मी करणार नाही. मला 'समाज आणि शालेय शिक्षण' असा विषय देण्यात आला. मी शिक्षक नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि दुकानाच्या गादीवर बसलो. आयुष्य कापड मोजण्यात गेले. त्यामुळे आजचे बोलणेही मोजूनमापूनच करीन आणि विषयाचा एकच पदर हाती घेईन. सहावी ते आठवीच्या मुलामुलींनी इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे विषय स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या गावात कसे शिकावेत, आणि त्यात आपल्यासारख्या व्यापारी समाजाने कोणता वाटा उचलावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान अशी चार दाने सांगितली आहेत. ट्रस्टच्या वतीने दरवर्षी वह्या, दप्तरे व गणवेश यांचे वाटप होते. ते चालू राहिलेच पाहिजे. परंतु वही देणे हे ज्ञानदानाचे पहिले पाऊल होय. त्या वहीत मूल काय लिहिते, कोठून पाहून लिहिते आणि स्वतःच्या मनाने काही लिहिते काय, हा विचार पुढचा आहे. पन्नास वर्षांच्या संस्थेने तो करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

आजचा 'प्रकल्प'

परीक्षेच्या आधीच्या महिन्यात माझ्या दुकानी काही माता-भगिनी येतात आणि कापडाचे लहान लहान तुकडे मागतात. मुलाला शाळेत 'वस्त्रांचे प्रकार' हा प्रकल्प दिलेला असतो. तुकडे आई नेते, चिकटवतेही आईच, आणि खालची नावे मोठी बहीण सुवाच्य अक्षरात लिहून देते. मुलाचा त्या प्रकल्पाशी संबंध येतो तो वही शाळेत जमा करण्यापुरता. स्टेशनरीच्या दुकानात तर किल्ल्यांची, नेत्यांची, पिकांची तयार चित्रे मिळतात. ती कापावी, चिकटवावी, बाजूने रंगीत पट्टी ओढावी की प्रकल्प पूर्ण झाला. आता मोबाईलमुळे तेवढेही श्रम उरले नाहीत.

यात मी शिक्षकांना दोष देत नाही. त्यांच्यामागे अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई असते आणि शिकविण्याव्यतिरिक्त कामे किती असतात, हे आपण पाहतोच. पालकांनाही दोष देत नाही. तथापि मी एक नियम केला आहे. तुकडे हवे असतील तर आईबरोबर मुलाने स्वतः दुकानात यावे. आले की मी त्याच्या हाती सुती, टेरिकॉट आणि रेशमी असे तीन तुकडे देतो आणि डोळे मिटून ओळखावयास सांगतो. मग तिन्ही तुकड्यांचा एकेक धागा काढून, मोठ्यांच्या देखत, चिमट्यात धरून जाळावयास सांगतो. सुताचा धागा कागदासारखा जळतो, रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि कृत्रिम धाग्याची वितळून कडक गोळी होते. पाच मिनिटांत झालेला हा पाठ मूल विसरत नाही. माझा सर्व मुद्दा याच पाच मिनिटांचा विस्तार आहे.

ही वाट नवी नाही

कोणी म्हणेल, हे सारे आधुनिक शिक्षणाचे खूळ आहे. तसे नाही. ही वाट आपल्या विदर्भातूनच निघाली आहे. दिनांक २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तेथून 'नई तालीम'चा विचार देशापुढे आला. हाताला काम देऊन त्या कामातून गणित, भूगोल, इतिहास शिकवावा, सूत कातता कातता कापसाचा, पावसाचा आणि व्यापाराचा विचार करावयास लावावा, अशी ती कल्पना. योजना तयार करण्याची जबाबदारी डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीवर सोपविण्यात आली. तेच पुढे भारताचे राष्ट्रपती झाले.

शेजारच्या मध्य प्रदेशात 'एकलव्य' या संस्थेने १९८० च्या दशकात होशंगाबाद परिसरातील शासकीय शाळांमध्ये नेमक्या सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी सामाजिक अध्ययनाची नवी पुस्तके व पद्धती तयार केली. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये 'सृजन आनंद विद्यालय' सुरू करून मुलांना परिसरात नेऊन शिकविण्याचा पायंडा पाडला. आपल्या समाजाला विशेष अभिमान वाटावा असे उदाहरण म्हणजे श्री. शांतिलालजी मुथ्था यांच्या पुढाकाराने २००९ पासून बीड जिल्ह्यातील शाळांत सुरू झालेला 'मूल्यवर्धन' उपक्रम. संविधानातील मूल्ये घोकून घेण्यापेक्षा गटात बसून, चर्चा करून, प्रत्यक्ष कृतीतून रुजवावीत, हा त्याचा गाभा. पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने तो इतर जिल्ह्यांतील शाळांतही पोहोचला.

आणि आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत, त्या दिवसांत त्यांनी गावातील सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ बसून शिकावे, असे म्हटले आहे. त्या यादीत कापड दुकानदाराचे नाव मला दिसले नाही; पण आपण होऊन पुढे व्हावयास कोणाची हरकत असणार?

कापसापासून सदऱ्यापर्यंत

आता मोताळ्यात काय करता येईल ते सांगतो. पहिला प्रकल्प माझ्या व्यवसायातलाच घेतो. आपल्या तालुक्यात कापूस पिकतो, आणि आपल्याच बाजारात कापड विकले जाते. या दोन टोकांमध्ये काय घडते, हे मुलांनी शोधून काढावे.

प्रथम वर्गातील मुलांनी शेतकऱ्याच्या घरी जाऊन कापूस वेचणीचा दर व मिळालेला भाव विचारून लिहावा. मग जिनिंगमध्ये जाऊन सरकी आणि रुई वेगळी होताना पाहावी. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. रुईची एक गाठ १७० किलोंची. म्हणजे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागला, हे गणित मुलांनी स्वतः मांडावे.

नंतर त्यांनी माझ्या दुकानात यावे. ३६ इंच पन्ह्याचे सव्वादोन मीटर सुती कापड, म्हणजे एका सदऱ्याचे कापड, मी तराजूत घालून दाखवीन. ते साधारण पाव किलो भरते. सूत कातताना काही रुई वाया जाते, म्हणून पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम रुई धरावी. त्यासाठी ८०० ते ९०० ग्रॅम कापूस लागला. लांब धाग्याच्या कापसाचा २०२४-२५ या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने एका सदऱ्यातील कापसाचे शेतकऱ्याला सुमारे ६० ते ६८ रुपये मिळाले, आणि त्यात सरकीची किंमतही आली.

आता मुले साहजिकच विचारतील, 'काका, मग हे कापड तुम्ही कितीला विकता? मधले पैसे कोठे गेले?' हा प्रश्न त्यांनी विचारावा, अशीच माझी इच्छा आहे. जिनिंग, सूतगिरणी, इचलकरंजी-भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग, रंगाई, वाहतूक, आडत, व्याज, दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार, कर, आणि माझा नफा. यांतील शेवटचा आकडाही मी मुलांना सांगेन. व्यापारी बंधूंना हे रुचेल की नाही, मला ठाऊक नाही. परंतु माझे मत असे की, जो नफा मुलासमोर सांगता येत नाही तो घेऊ नये, आणि जो घेतला तो सांगावयास लाजू नये.

याच पावतीवर नागरिकशास्त्राचा धडाही छापलेला असतो. १ जुलै २०१७ पासून कापडावर जीएसटी आला. पाच टक्क्यांतील अडीच टक्के केंद्राचे आणि अडीच टक्के राज्याचे, असे दोन रकाने बिलात दिसतात. संघराज्य म्हणजे काय, हे पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या दोन रकान्यांतून मुलाला लवकर कळते.

मुलींनी आणखी एक काम करावे. आजीची पेटी उघडावी. नऊवारी म्हणजे नऊ वार. एक वार ०.९१४४ मीटर, म्हणजे नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर. वार जाऊन मीटर केव्हा आला? १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून देशात मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली. आजीने नऊवारी केव्हा सोडली, का सोडली, घरात कोण काय म्हणाले, हे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. स्त्रियांचा इतिहास कोठल्याही दप्तरखान्यात इतका सविस्तर सापडणार नाही.

पाणी: मोजले तर समजते

दुसरा प्रकल्प पाण्याचा. आपल्या तालुक्याला हा विषय परका नाही. २०१८ च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत आपल्या मोताळा तालुक्यातील सिंदखेड गावाने सातारा जिल्ह्यातील भांडवलीसह राज्यात दुसरा क्रमांक मिळविला. जिजाऊ माँसाहेबांचे सिंदखेडराजा ते वेगळे. हे आपले सिंदखेड. ८ एप्रिल ते २२ मे अशा ऐन उन्हाळ्याच्या पंचेचाळीस दिवसांत गावकऱ्यांनी कुदळ-फावडे हाती घेतले. त्याच वर्षी भारतीय जैन संघटनेनेही आपल्या जिल्ह्यात यंत्रे पुरवून तलावांतील गाळ काढण्याचे मोठे काम उभे केले. या कामाची आठवण लोकांच्या मनात ताजी आहे तोवर ती मुलांनी लिहून घेतली पाहिजे. कोणी किती दिवस खोदले, गाळ कोणाच्या शेतात गेला, विहिरीचे पाणी पुढच्या उन्हाळ्यात किती दिवस टिकले, आणि आज त्या चरांची अवस्था काय आहे, हे सर्व विचारावे. यशाची नोंद करावी, तशी उणिवांचीही करावी.

शाळेतच करावयाचे काम अगदी सोपे आहे. सरळ उभ्या बाजूंच्या भांड्यात पट्टी लावून पाऊस मोजावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. शाळेचे छप्पर ५० चौरस मीटर असेल आणि एका दिवशी २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर १,२५० लिटर पाणी छपरावरून वाहून गेले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, मोठ्यांच्या सोबतीने, दोरीला वजन बांधून विहिरीच्या काठापासून पाणी किती खोल आहे ते मोजावे आणि भिंतीवरील तक्त्यात लिहावे. सहावीत सुरू केलेला तक्ता आठवीपर्यंत तीन पावसाळे पाहील. नगर जिल्ह्यातील, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, हिवरे बाजार गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून कोणते पीक घ्यावयाचे ते ठरविले. ताळेबंद म्हटला की आपण व्यापारी जागे होतो. आलेले पाणी जमेस आणि वापरलेले पाणी नावे लिहिले की शिल्लक आपोआप दिसते.

याला जोडून मोठा प्रश्न येतो. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. गोसीखुर्द धरणापासून निघणाऱ्या सुमारे ४२६ किलोमीटरच्या या जोडकालव्याचे दुसरे टोक आपल्या नळगंगेवर आहे. नकाशावर दोरा ठेवून मुलांनी तो मार्ग मोजावा, वाटेतील जिल्हे लिहावेत, आणि जमीन जाणाऱ्याला काय वाटेल व पाणी मिळणाऱ्याला काय वाटेल, या दोन्ही बाजू वर्गात मांडाव्यात. आपण ज्याला अनेकांत म्हणतो, तो यापेक्षा वेगळा काय आहे?

रोहिणखेड आणि घाटाचा इतिहास

तिसरा प्रकल्प सहलीचा, पण डबा खाऊन परत येण्याच्या सहलीचा नव्हे. आपल्या तालुक्यातील रोहिणखेड येथे पंधराव्या व सोळाव्या शतकांत दोन लढाया झाल्या. पहिलीत बहमनी सैन्याने खानदेशच्या सुलतानाचा पराभव केला. दुसरी अहमदनगरच्या निजामशाहीतील सत्तासंघर्षात झाली. याच गावी खुदावंद खान याने १५८२ मध्ये बांधलेली मशीद आहे. एवढ्याशा गावी दोन लढाया का व्हाव्यात, हे मुलांना पुस्तकातून समजणार नाही. तेथे उभे राहून दक्षिणेकडे डोंगराची रांग पाहिली, खाली पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट प्रदेश पाहिला, आणि वर जाणारी वाट कोठून आहे हे विचारले, की उत्तर डोळ्यांपुढे येते. भूगोल इतिहासाला कसा वळण देतो, याचा असा वस्तुपाठ हाकेच्या अंतरावर असताना आपली मुले पानिपतचा नकाशा पाठ करतात. मुलांनी तेथे पायऱ्या मोजाव्यात, कमानीचे चित्र काढावे, दगड कोठला असेल याचा तर्क करावा आणि गावातील सर्व समाजांच्या वृद्धांना भेटून त्यांची माहिती घ्यावी.

आपल्या मंदिरांतही असाच अभ्यास करता येईल. जुन्या प्रतिमांच्या आसनावर संवत कोरलेला असतो. विक्रम संवतातून साधारण ५७ वजा केले, वीर संवतातून ५२७ वजा केले किंवा शकात ७८ मिळविले, की इसवी सन येतो. आपल्या मुलांनी इतर मुलांना हे करून दाखवावे. दर्शनाला आपण रोज जातो, पण मूर्तीखालची ओळ किती जणांनी वाचली आहे?

घरातले जुने कागद

चौथा प्रकल्प सर्वांत महत्त्वाचा आणि काहीसा अवघडही आहे. आपल्या घरांच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या, खरेदीखते, दस्तऐवज, पावत्या पडून आहेत. दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांतल्या काही रद्दीत जातात. आयकरासाठी ३१ मार्चचे वर्ष सर्वांना १९८९ मध्ये लागू झाले, आणि दिवाळीला नवी वही घालण्याची प्रथा पूजेपुरती राहिली. पुढे संगणक आला. रोजमेळ आणि खतावणी हातांनी लिहिणारी पिढी आता माझ्या वयाची किंवा माझ्याहून मोठी आहे.

या कागदांच्या माथ्यावरील शासनाचे नावच पाहावे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला, १९५० मध्ये आपण नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात आलो, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९४० साली मोताळ्यात जन्मलेला माणूस घर न बदलता चार राज्यांत राहिला. जुन्या गॅझेटिअरमध्ये रोहिणखेड मलकापूर तालुक्यात नोंदलेले आहे; आज ते मोताळा तालुक्यात आहे. सातव्या-आठव्या इयत्तेच्या मुलांनी घरोघरचे असे कागद पाहून, त्यांची तारीखवार यादी केली, तर राज्यपुनर्रचनेचा सबंध धडा आपल्याच घरातून तयार होईल.

अवघड भाग पुढे आहे. या वह्यांत कापडाची, किराण्याची उधारी आहे आणि व्याजाचे हिशेबही आहेत. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि पुढे पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जाचे कागद जाळले, हे इतिहासाच्या पुस्तकात आहे. त्या सावकारांत गुजर-मारवाडी होते, हेही इतिहासाला ठाऊक आहे. आपल्या मुलाने वर्गात हा धडा वाचला आणि शेजारी बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलाने त्याच्याकडे पाहिले, तर आपल्या मुलाने काय म्हणावे? काही मंडळींचे मत असे की, जुन्या वह्या बाहेर काढूच नयेत. समाजाची निंदा होईल. मला हे मत आदरपूर्वक अमान्य आहे.

झाकून ठेवलेल्या वहीबद्दल लोक मनाला येईल ते बोलतात. उघडलेल्या वहीत कडक व्याज सापडेल, तसेच दुष्काळात सोडून दिलेली येणीही सापडतील. मोसमात बियाण्यासाठी दिलेली रक्कम सापडेल, मुलीच्या लग्नाचे कापड उधार दिल्याची नोंद सापडेल, आणि वर्षानुवर्षे न फिटलेले खातेही सापडेल. ज्यांची येणी होती त्यांची नावे झाकून, त्यांच्या घराण्याचा मान राखून, केवळ आकडे आणि वस्तू मुलांपुढे ठेवाव्यात. त्याच वेळी जुन्या शेतकऱ्यांनाही विचारावे की, सावकाराची, दुकानदाराची त्यांची आठवण काय आहे. दोन्ही बाजू एका पानावर आल्या, तरच त्या पानाला इतिहास म्हणता येईल. आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेला आहे. वर्गात असे दुःख झेललेल्या घरातील मूल असू शकते. म्हणून प्रश्न कोणते विचारावेत आणि कोणते विचारू नयेत, हे शिक्षकांनी आधी ठरवून द्यावे. माहितीपेक्षा माणूस मोठा, हा संस्कारही या प्रकल्पातूनच घडावयाचा आहे.

नगरपंचायत आणि आठवडी बाजार

पाचवा प्रकल्प थोडक्यात सांगतो. मोताळ्यात आता ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आहे. तिचे सतरा प्रभाग आहेत. मुलांनी गट करून प्रभागांचा नकाशा काढावा. नळ, गटार, दिवे, शाळा, दवाखाना, कचराकुंडी यांच्या खुणा कराव्यात. जेथे दिवा बंद असेल तेथे स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहावा, पोच घ्यावी आणि उत्तर किती दिवसांनी आले ते नोंदवावे. आठवडी बाजारात प्रत्येक गटाने पाच विक्रेत्यांना विचारावे की, माल कोठून आणला, गावाहून यावयास किती भाडे पडले, उरलेल्या मालाचे काय करता. महिन्यातून एकदा हे वर्षभर केले, तर भावाचा चढउतार आणि पाऊसपाण्याचा संबंध मुले स्वतःच शोधून काढतील.

काही शंका

पालक विचारतील, यात वेळ गेला तर शिष्यवृत्तीचे, नवोदयचे काय? माझे उत्तर व्यापाऱ्याचे आहे. ज्या मुलाने सदऱ्यातील कापसाचा हिशेब केला, त्याला त्रैराशिक आणि शेकडेवारी वेगळी शिकवावी लागत नाही. ज्याने दहा माणसांना प्रश्न विचारून उत्तरे लिहिली, त्याला निबंध पाठ करावा लागत नाही. शिवाय वर्षाला दोनच प्रकल्प करावेत, पण पूर्ण करावेत.

दुसरी शंका अशी की, आमची मुले शेवटी पुण्या-मुंबईला जाणार, त्यांना मोताळ्याचा काय उपयोग? जाणारी मुले जावोत, त्यांना शुभेच्छाच आहेत. परंतु आपले गाव एकदा नीट पाहिलेले मूल दुसऱ्या गावाकडेही डोळसपणे पाहते. आणि मागे राहणाऱ्या मुलांना आपले गाव म्हणजे मागे राहिलेल्यांची जागा वाटू नये, ही जबाबदारी आपलीच आहे.

माझ्या पाच विनंत्या

सुवर्ण महोत्सवानिमित्त ट्रस्टपुढे मी पाच विनंत्या ठेवतो.

एक : दरवर्षीच्या वाटपातील काही रक्कम प्रकल्पांसाठी राखून ठेवावी. मोजपट्ट्या, पर्जन्यमापक, जाड वह्या आणि सहलीचे वाहन, एवढाच खर्च आहे. मोजपट्ट्यांचा भार मी आनंदाने उचलतो.

दोन : हा उपक्रम केवळ आपल्या समाजाच्या मुलांपुरता नसावा. जिल्हा परिषदेच्या, खासगी, मराठी व उर्दू माध्यमाच्या सर्व शाळांची मुले त्यात असावीत आणि गट मिश्र असावेत.

तीन : व्यापारी बंधूंनी वर्षातून एक दिवस आपले दुकान मुलांसाठी उघडे ठेवावे. सराफाने तोळा-मासा दाखवावा, किराणा व्यापाऱ्याने डाळ कोठून येते ते सांगावे, औषध विक्रेत्याने पाकिटावरची तारीख वाचावयास शिकवावे.

चार : ट्रस्टच्या इमारतीतील एक कपाट जुन्या कागदांसाठी द्यावे. ज्यांना देणे शक्य नाही, त्यांनी छायाप्रत द्यावी. यंदाच्या दिवाळीत कोणीही जुनी वही रद्दीत घालू नये, ही विनंती विशेषतः भगिनींना.

पाच : बक्षीस सजावटीला देऊ नये. वहीला जरतारी कागद लावला म्हणून गुण मिळू नयेत. ज्या वहीत सर्वांत चांगले प्रश्न असतील, ज्या मुलाने खाडाखोड करून आपला आकडा पुन्हा तपासला असेल, त्याला बक्षीस द्यावे. आणि निवडक वह्यांचे एक पुस्तक ट्रस्टने दरवर्षी छापावे. आज आपल्या हाती जशी स्मरणिका आहे, तसे मुलांनी लिहिलेले मोताळ्याचे पुस्तक असावे.

मुख्याध्यापक महोदयांनी येत्या सत्रात यांतील कोणतेही दोन प्रकल्प निवडावेत आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर विश्वस्तांसमवेत एक बैठक घ्यावी, अशी माझी सूचना आहे. पहिला वर्ग माझ्या दुकानात येणार असेल, तर त्या दिवशी गादीवर गिऱ्हाईक बसणार नाही, विद्यार्थी बसतील.



जय जिनेंद्र! जय हिंद! जय महाराष्ट्र!